पेटी तीच, पडदा नवा?

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या ‘अटारी’ कंपनीचे इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम तयार केला. पडद्यासाठी त्यांनी हिताचीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून लाकडी पेटीत बसवला. सनीव्हेलच्या एका बारमध्ये ती पेटी ठेवली. थोड्याच दिवसांत ‘यंत्र बिघडलं’ असा निरोप आला. जाऊन बघतात तर काय, नाण्यांचा डबा भरून वाहत होता!

त्या पिढीतल्या पेट्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांची दुखणी मुख्यतः दोन: वीज आणि पडदा.

विजेचं दुखणं सोपं. अटारीच्या पेट्यांत एक भलामोठा निळा कंडेन्सर असे. मेकॅनिक लोकांनी त्याचं नावच ‘बिग ब्लू’ ठेवलं. कंडेन्सर वर्षानुवर्षांनी आतून सुकतो. मग सर्किटला लागणारे ५ व्होल्ट स्थिर मिळत नाहीत आणि खेळ मध्येच बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो. तो बदलावा, किंवा कॉम्प्युटरमध्ये असतो तसा एसएमपीएस बसवावा. कडक झालेल्या वायरी काढाव्यात, योग्य फ्यूज घालावा, नाणी टाकायच्या लोखंडी दाराला अर्थिंग द्यावं. जुन्या वाड्याचं वायरिंग बदललं म्हणून वाडा परका होत नाही.

पडद्याचं तसं नाही. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट खेळत असतात आणि पेटी बंद केल्यावरही काही काळ भार उरतो, म्हणून जाणकाराशिवाय तिला हात लावू नये. नव्या ट्यूब बनणंही जवळपास थांबलं आहे. मग सपाट एलसीडी बसवण्याचा मोह होतो.

पण १९७८ सालचा, तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. त्याच्या उभ्या पेटीत चित्र थेट दिसतच नसे. अर्धपारदर्शक आरशातून ते मागच्या रंगवलेल्या चंद्रभूमीवर तरंगत असे. साध्या एलसीडीचा काळा रंग पुरता काळा नसतो, मागचा उजेड झिरपतो. मग चंद्रभूमीवर फिकट चौकोन उमटतो आणि सगळी जादूच जाते. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये तर किरण थेट रेषाच काढतो, तिथली झगझगीत गोळी ठिपक्यांच्या पडद्यावर तशी उतरत नाही.

तेव्हा ट्यूब दुरुस्त होत असेल तर तीच करावी. नाहीच झाली, तर एलसीडी जरूर बसवावा. बंद पेटीपेक्षा चालती पेटी बरी. मात्र लाकूड कापू नये, जुनी ट्यूब आणि सुटे भाग चिठ्ठी लावून नीट जपावेत. उद्या कुणाला पेटी मूळ रूपात आणायची झाली, तर वाट मोकळी राहील.

आपल्याकडे गल्लोगल्ली टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक होते. ट्यूबचं शास्त्र त्यांच्या बोटांत आहे. भाग कपाटात ठेवता येतात. हे कसब मात्र कुणीतरी त्यांच्याशेजारी बसूनच शिकून घ्यायला हवं.