यंत्राचा वेग कोणाच्या हाती?

लेथवर काम करणारा मुरलेला कारागीर यंत्र सुरू होताच हत्यार लोखंडात घुसवत नाही. आधी हलका हात, मग जोर, शेवटाजवळ पुन्हा हलका हात. हे ज्ञान त्याच्या बोटांत असते. ते आकड्यांत कसे गेले आणि ते आकडे कोणाच्या ताब्यात राहिले, हा यंत्रांच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरची पाती बनवताना आकड्यांवर यंत्र चालवण्याची कल्पना मांडली. १९४९ मध्ये हवाई दलाने त्यासाठी पैसा दिला. १९५२ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेने छिद्रांच्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन चालवून दाखवले. कारागिराच्या हालचाली टेपवर नोंदवून यंत्राकडून पुन्हा करून घेण्याची दुसरी पद्धतही तेव्हा होती. ती मागे का पडली? व्यवस्थापनाला कामाचा ताबा कामगाराच्या हातातून कचेरीत न्यायचा होता, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात मांडले.

ती यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. घरी सीएनसी बनवणाऱ्याला परवडते ती स्टेपर मोटर. ती बहुधा २०० स्टेपमध्ये एक फेरा पूर्ण करते. ती स्वस्त पडते, कारण आपण कुठे पोहोचलो हे ती कळवत नाही. पण नेमका घातही तिथेच होतो. एकदम पूर्ण वेग मागितला तर मोटर जागीच घरघरते. संगणक मात्र ती पुढे गेली असे धरून चालतो आणि तिथून पुढची सगळी नक्षी सरकते. तासाभराची मेहनत आणि लाकूड दोन्ही वाया!

उपाय कारागिराचाच: वेग हळूहळू वाढवा, हळूहळू उतरवा. त्याचे गणित गॅलिलिओने १६३८ मध्येच छापले होते. त्वरण एकसारखे असेल तर अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे प्रत्येक स्टेपची वेळ वर्गमुळातून निघते. पहिल्या स्टेपला १० मिलिसेकंद लागले तर दुसरीला ४.१, तिसरीला ३.२ आणि शंभराव्या स्टेपला फक्त ०.५.

सेकंदाला हजारो वेळा वर्गमूळ काढणे स्वस्त चिपला झेपत नाही. २००५ मध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी एका तांत्रिक मासिकात सोपी वाट दाखवली. मागच्या स्टेपच्या वेळेची दुप्पट घ्यायची, तिला स्टेपच्या क्रमांकाच्या चौपट अधिक एक या संख्येने भागायचे आणि उत्तर मागच्या वेळेतून वजा करायचे. एवढ्यावर पुढची वेळ मिळते. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी आर्डुइनोसाठी ‘ग्रबल’ हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला. त्यात पुढची वळणे आधीच पाहून वेग आवरण्याची सोय झाली. ज्या नियंत्रणासाठी एकेकाळी हवाई दलाचा खजिना लागला, ते सुताराच्या टेबलावर आले.

ग्रबलमध्ये प्रत्येक अक्षाच्या त्वरणाचा आकडा मात्र आपल्यालाच भरावा लागतो. यंत्राचा सांगाडा किती जड, स्क्रू किती घट्ट, लाकूड किती कठीण, हे ज्याला ठाऊक तोच तो नीट भरू शकतो. यंत्र विकणाऱ्याने भरून दिलेला आकडा तसाच ठेवला, तर यंत्र आपले आणि ताबा दुसऱ्याचा. म्हणून आपल्या वर्कशॉपमधल्या पोरांना मशीन चालवण्याबरोबर हे एवढे वर्गमुळाचे गणितही शिकवायला हवे.