पैनगंगेचे दोन तीर आणि विवाहवयाचा कायदा

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, म्हणजे जुना वाढोणा, हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. उत्तरेकडील पैनगंगा ही त्या राज्याची वऱ्हाडाशी असलेली सीमा होय. वऱ्हाडावर निजामाचे स्वामित्व केवळ नावापुरते उरले होते. १८५३ पासून तेथील कारभार इंग्रजांकडे असून ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे लागू करण्यात येत. दोन्ही तीरांवर भाषा एकच, तथापि कुटुंबसंस्थेवरील राजसत्तेचा अंकुश मात्र सारखा नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात हा अंकुश क्रमाक्रमाने आला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. त्यावरून टिळक व आगरकर यांच्या पक्षांत झालेला वाद सर्वश्रुत आहे. १९०४ मध्ये बडोदे संस्थानाने बालविवाहास प्रतिबंध केला. १९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात येऊन मुलीचे विवाहवय १४ व मुलाचे १८ ठरले. परंतु त्याची सत्ता संस्थानांच्या सीमेवर संपे. सीमा ओलांडून विवाह उरकण्याची ही वाट बंद व्हावी म्हणून १९३८ च्या दुरुस्तीने तो हिंदुस्थानात कोठेही असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांस लागू झाला. निजामाची प्रजा मात्र त्याबाहेरच राहिली.

हैदराबादेत हा कायदा पोहोचला तो १९५१ मध्ये, 'ब' वर्गातील राज्यांना केंद्रीय कायदे लागू झाले तेव्हा. तत्पूर्वी १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले होते. मुंबई-पुण्याकडे या सुधारणेमागे अर्धशतकाचे विचारमंथन होते. इकडे गश्ती निशाण ५३ ने साध्या सभेवरही परवानगीचे बंधन घातले होते. अर्थात मराठवाड्यात कायदा आधी आला आणि त्याची चर्चा मागाहून झाली.

सीमा मिटली, परंतु प्रथा मिटली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर मराठवाड्यातील परभणीत सुमारे ४८ व बीडमध्ये सुमारे ४४ टक्के आढळले. यास केवळ रूढी कारण नाही. ऊसतोडीत पतिपत्नींची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचलही जोडीस मिळते. आईबाप सहा महिने फडावर असता वयात आलेल्या मुलीस गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, हाही प्रश्न असतोच.

युरोपातही हा विषय जुना झालेला नाही. स्पेनने २०१५ मध्ये किमान वय १४ वरून १६ केले. जर्मनीने २०१७ मध्ये ते १८ ठरविले व परदेशात झालेले सोळा वर्षांखालील विवाह निरर्थक मानले. परंतु अशा विवाहातील मुलींच्या पोटगीची तजवीज नसल्याने २०२३ मध्ये तेथील घटना न्यायालयाने हा कायदा सदोष ठरविला. सारडा कायद्यात शिक्षा होती, मात्र विवाह वैध राहत असे. भारताच्या २००६ च्या कायद्याने असा विवाह रद्द करून घेण्याचा हक्क व पोटगी यांची सोय केली. परंतु विवाहानंतरचा हा उपाय विवाहापूर्वीच्या निराधारतेवर लागू पडत नाही. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आज एकच कायदा आहे. त्याचे यश कलमांपेक्षा हंगामी स्थलांतरितांच्या मुलींसाठी शाळेची व निवाऱ्याची व्यवस्था कितपत होते, यावर अवलंबून राहील.