पाणी न लागणारं शहर

१९८९ साली विल राइटचा ‘सिमसिटी’ आला. मोकळी जमीन, हातात थोडे पैसे. घरं-बाजार-कारखान्यांच्या जागा आखा, रस्ते काढा, वीज ओढा, कर लावा आणि शहर वाढवत राहा. असे मोकळे खेळ म्हणजे सँडबॉक्स, मुलांचा वाळूचा हौद. अमेरिकेतल्या शिक्षकांनी तो लवकरच वर्गात नेला.

या शहरात वीज नसेल तर वस्ती वाढत नाही. पाणी मात्र लागतच नाही. टाकी नाही, नळ नाही. पाइपलाइन आली ती पुढच्या ‘सिमसिटी २०००’मध्ये. कॅलिफोर्नियात बसून गेम लिहिताना पाणी गृहीत धरता येत असावं. देगलूर-उदगीरकडच्या कुणी तो लिहिला असता तर मेनूत पहिलं चित्र टँकरचं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सिमसिटी हा विनोदच वाटेल.

पण शाळेत मुद्दा विनोदाचा राहत नाही. राइटने जे वाचून हा खेळ रचला, त्यात जे फॉरेस्टर या इंजिनिअरचं १९६९ चं ‘अर्बन डायनॅमिक्स’ होतं. गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली की शहराची घसरण वाढते, असा निष्कर्ष त्या मॉडेलमधून निघाला होता आणि त्यावर तेव्हाच वाद झाले. पुस्तकातलं वाक्य चूक वाटलं तर मुलगा हात वर करून विचारू शकतो. गेमचा नियम तो विचारत नाही, तो नियम पाळून जिंकायला बघतो. वाळू मोकळी दिसते, पण हौद कुणीतरी बांधलेला असतो.

आपल्याकडे हा हौद फोडायचं काम संगणकाच्या फार आधी झालंय. मुलाने स्वतः हाताळून शिकावं हा माँटेसरीचा विचार ताराबाई मोडकांना पटलेला होता. पण तिची मोजून-मापून केलेली लाकडी साधनं महाग होती. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. तरी आदिवासी मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. मग बालवाडीच पाड्यावर अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ च्या सरकारी योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. मला यातली भारी गोष्ट ही वाटते, की साधन परवडेना म्हणून त्यांनी विचार सोडला नाही. साधन बदललं, जागा बदलली, वेळ बदलली.

संगणकाच्या बाजूने असाच एक प्रयत्न रायगड जिल्ह्यात, खैराटच्या धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत झाला. २००६ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली होती. तरी २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे लॅपटॉप खैराटला आले. त्यांच्या कीबोर्डवर एक खास बटण होतं: चालू प्रोग्रामचा कोड उघडून दाखवणारं. सिमॉर पॅपर्टच्या विचारातलं हे यंत्र, मुलाने संगणकाला शिकवावं असं म्हणणाऱ्या माणसाचं. २००८ च्या सुरुवातीला मूळ सिमसिटीचा कोडही याच प्रकल्पासाठी ‘मायक्रोपोलिस’ नावाने खुला झाला. म्हणजे त्या शहरात पाणी नसेल, तर ते आणायची परवानगी आता कुणालाही होती. प्रकल्प पुढे मावळला. लॅपटॉप वाटून शाळा बदलत नाही हे खरंच, पण ते बटण गेलं याचं मला जास्त वाईट वाटतं.

नंतर माइनक्राफ्ट आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला ती कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये शाळांसाठीची आवृत्ती काढली. आवृत्ती चांगली आहे, पण लायसन्स लागतं, शाळेचं खातं लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला हे पुन्हा ताराबाईंसमोरच्या लाकडी साधनांसारखं. शिंपल्यांच्या जागी ‘लुआंटी’ आहे. २०१० पासून मिनटेस्ट नावाने वाढलेलं, फुकट, खुल्या कोडचं, अँड्रॉइडवर चालणारं.

देगलूर तालुक्यातच होट्टल आहे, चालुक्यकालीन मंदिरांचं गाव. आठवीच्या मुलांनी टेप घेऊन एखादं मंदिर मोजावं आणि ठोकळ्यांत उभं करावं, एवढा प्रकल्प जुन्या फोनवरही होईल. मग गाव वसवावं, विहीर खणावी. इथे मात्र एक अडचण येते. माइनक्राफ्टमध्ये दोन बाय दोनच्या खड्ड्यात दोन बादल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ओतल्या की पाणी कधीच संपत नाही, कितीही उपसा. लुआंटीचं साधं पाणीही असंच पुन्हा भरतं. फक्त त्याच्या कोडमध्ये ‘लिक्विड रिन्यूएबल’ असा एक गुणधर्म ठरवता येतो. तो ‘फॉल्स’ असा लिहायचा, गेम पुन्हा सुरू करायचा आणि मुलांना विहीर उपसायला सांगायची.