गांवच्या पाटीवरील आंकडा

महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत चावडीच्या, शाळेच्या अथवा देवळाच्या भिंतींत बसविलेली एक लहानशी दगडी पाटी दृष्टीस पडते. महायुद्धास या गांवांतून इतके इसम गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण वेचले, एवढाच मजकूर तिजवर असतो. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबली. परंतु तहावर सह्या १९१९ च्या जूनमध्यें झाल्या, म्हणून युद्धाचीं सालें १९१४ ते १९१९ अशीं कोरलेलीं असतात. सालें आहेत, आंकडे आहेत. मेलेल्यांचें नांव मात्र नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. गांवांत त्यांचें स्मारक झालें, आणि 'मिलिटरी' हा शब्द गांवाच्या नांवास कायमचा चिकटला. लष्करांत जाण्याचा तेथील प्रघात शंभर वर्षांनंतरही चालू आहे. ४६ ही संख्या वाचतांना लहान वाटते. परंतु एका खेड्यांत सुतकाची वार्ता ४६ वेळां आली, असा तिचा अर्थ आहे.

सातारा, रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांत जमीन थोडी आणि खाणारीं तोंडें फार. पलटणींत शिपायास महिना ११ रुपये मिळत, आणि त्यांतून घरीं मनीऑर्डर येई. मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या तीन पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियांत लढल्या. टायग्रिस नदीच्या कांठीं कूट येथें शत्रूनें हें सैन्य कोंडलें. १४७ दिवसांच्या वेढ्यांत अन्न संपलें, घोड्यांचें मांस खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्य शरण गेलें. पुढें तुर्कांच्या कैदेंतही पुष्कळ जण दगावले. ज्यांना थडगें नाहीं कीं समाधि नाहीं, असे मेसोपोटेमियांतील चाळीस हजारांहून अधिक मृत डोळ्यांपुढें ठेवून १९२९ सालीं बसरा येथें मोठें स्मारक उघडण्यांत आलें.

त्या स्मारकावर गोऱ्या सोजिरांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं गेलीं. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आंकडा तेवढा दिला गेला. नांवें कोरणें अशक्य होतें असें म्हणावें, तर फ्रान्समध्यें न्यव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. युरोपांत जें साधलें, तें बसऱ्यास साधलें नाहीं. या भेदभावाची कबुली देऊन युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानें क्षमा मागितली, ती २०२१ सालीं!

मग हीं नांवें गेलीं कोठें? तीं सर्वस्वीं नष्ट झालेलीं नाहींत. आयोगाच्या नोंदींत पुष्कळ सांपडतात. कित्येकांपुढें बापाचें नांव व गांवही दिलेलें असतें. जुन्या पेन्शनच्या कागदांत तीं असतात. त्या युद्धानंतर सैनिकांना जें चांदीचें पदक मिळालें, त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेली असे. दगडानें जें राखलें नाहीं, तें नातवाच्या ट्रंकेंतील पदकानें राखलें आहे. पण अडीअडचणीस असें पदक सराफाकडे जाऊन मुशींत पडलें, म्हणजे चांदीबरोबर नांवही वितळतें.

यास्तव ज्या गांवीं अशी पाटी आहे, त्या गांवानें घरोघर विचारपूस करून, कागद व पदकें ताडून पाहून, आपल्या माणसांचीं नांवें जुन्या पाटीखालीं दुसऱ्या शिळेवर कोरून घ्यावींत. जुनी पाटी काढूं नये. तीही इतिहासाची साक्षीदार आहे. खर्च फार नाहीं. मात्र सांगणारीं म्हातारीं माणसें वर्षागणिक कमी होत आहेत, हें ध्यानांत ठेवून हें काम लवकर हातीं घेतलें पाहिजे.