विषाणू जनतेच्या प्रयोगशाळेतला, मग लसीचा भाव कंपनी का ठरवणार?

पुण्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. 1952 पासूनची ही संस्था जनतेच्या पैशावर चालते. 2020 मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा विषाणू वेगळा केला. मे महिन्यात तो हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला गेला आणि त्यातून कोव्हॅक्सिन बनली. विक्रीवर आयसीएमआरला 5 टक्के रॉयल्टी ठरली.

एप्रिल 2021 मध्ये कंपनीने दर जाहीर केले: राज्यांना 600 रुपये, खासगी रुग्णालयांना 1200. ओरड झाल्यावर राज्यांचा दर 400 वर आला. पेटंटच्या मूळ अर्जात आयसीएमआरचे नाव नव्हते. सहमालक म्हणून ते 2024 मध्ये घातले गेले.

खासगी कंपनीने लस बनवू नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल कराराचा आहे. रॉयल्टी सरकारी तिजोरीत जाते, भाव मात्र वस्तीतल्या माणसाला भोवतो. मुंबईच्या सरकारी हाफकिनला उत्पादनाची परवानगी मिळाली ती एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट आल्यावर.

महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी बाबासाहेबांनी 1947 मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली होती. म्हणून आमची मागणी साधी आहे: जनतेच्या संशोधनाचा परवाना देताना भावाची मर्यादा आणि सरकारी कारखान्यांचा हक्क करारातच लिहा. आणि तो करार जनतेसमोर ठेवा.

जय भीम!