कढईतले परवाने

परदेशी गेलेल्या मुलाला दिवाळीला घरी ये म्हणावे, तर हल्ली पुष्कळ घरांत एकच उत्तर येते : कागद अजून आलेला नाही, तो येईपर्यंत इथून हलता येत नाही. ऐकणाऱ्या आईला हे काही पटत नाही. नोकरी आहे, बिऱ्हाड आहे, मुले तिथल्या शाळेत जातात, आणि तरी तिथे राहण्याची परवानगी पुनःपुन्हा मागायची, हे काय गौडबंगाल? पण हे गौडबंगाल आजचे नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या आपल्या लोकांनी ते पुरेपूर भोगले आहे. गांधीजींचा सत्याग्रह म्हटला की आपल्याला मिठाची मूठ आठवते. पण तो जन्माला आला परवान्याच्या कचेरीच्या दारात.

त्या काळी दक्षिण आफ्रिका हे एक राज्य नव्हते. नाताळ, केप, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट अशी चार राज्ये. 1910 साली ती एकत्र आली. नाताळात 1860 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजूर नेले. पाच वर्षांचा करार असे, म्हणून त्यांना नाव पडले गिरमिटिये. पुढच्या पन्नास वर्षांत दीड लाखाहून अधिक माणसे अशी गेली. करार संपल्यावर यातली काही माणसे तिथेच राहिली, भाजी पिकवू लागली, फेरी करू लागली. ते गोऱ्यांच्या डोळ्यांवर आले. म्हणून 1895 साली कायदा झाला : करार संपला की मायदेशी जा, नाहीतर पुन्हा करार करा, दोन्ही नको असेल तर नाताळात राहण्याचा परवाना दर वर्षी तीन पौंड देऊन घ्या. तीन पौंड म्हणजे त्या वेळचे पंचेचाळीस रुपये. सोळा वर्षांवरच्या मुलाला आणि तेरा वर्षांवरच्या मुलीलाही तो लागू. नवरा-बायको आणि दोन वाढती मुले असली की वर्षाला बारा पौंड. हे ज्या माणसाची महिन्याची मिळकत पौंडभरही नसे, त्याने भरायचे! हा कर नव्हता. माणसाने कंटाळून निघून जावे म्हणून केलेली ती व्यवस्था होती.

ट्रान्सवालमध्ये पैशापेक्षा कागदाचा जाच मोठा होता. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात तिथले हिंदी व्यापारी आणि फेरीवाले दुकाने टाकून नाताळात, केपमध्ये, कोणी मायदेशी निघून गेले. युद्ध संपले, इंग्रजांचे राज्य आले. आता आपलेच राज्य म्हणून ही मंडळी परत निघाली, तर सरहद्दीवर परवाना मागू लागले. गोऱ्याला तो मागताच मिळे. हिंदी माणसासाठी मात्र एशियाटिक खाते नावाचे निराळे खाते काढले होते. अर्ज करायचा, वाट पाहायची, मधल्या काळात दुकानाला कुलूप. मध्यस्थ लोक तेवढ्यात जवळ येऊन कुजबुजत. ज्याचा हक्क आहे त्याला परवाना मिळत नाही आणि ज्याचा नाही तो शंभर पौंड मोजून आत येतो, अशी तक्रार गांधीजींकडे रोज येऊ लागली. 1903 साली त्यांनी जोहान्सबर्गला वकिलीची कचेरी थाटली होती. त्यांनी पुरावा गोळा केला, दोन अधिकाऱ्यांवर खटला भरवला. पंचांनी दोघांनाही निर्दोष सोडले. पण पुरावा इतका उघड होता की सरकारला त्यांना नोकरीवरून काढावे लागले.

याच सुमारास लॉर्ड मिल्नर यांनी हिंदी लोकांना सल्ला दिला : जुने दाखले बदलून नवे घ्या; एकदा नाव नोंदले की पुन्हा नोंदणी नाही, नवा परवाना नाही, खुशाल या आणि जा. लोकांनी विश्वास ठेवला. कायद्याची सक्ती नसताना अंगठे दिले. तो दाखला लोकांनी दागिन्यासारखा जपला असेल यात मला शंका वाटत नाही.

तीन वर्षांत तो रद्दी ठरला. 22 ऑगस्ट 1906 च्या सरकारी गॅझेटात नव्या कायद्याचा मसुदा छापून आला. जुने दाखले परत करा. आठ वर्षांवरच्या प्रत्येकाने पुन्हा नाव नोंदवा. अंगठ्याने भागणार नाही, दहाही बोटांचे ठसे द्या. नवा दाखला सदैव जवळ बाळगा, रस्त्यात पोलिसाने मागितला की दाखवा. पोलीस घरातही शिरू शकेल. न दाखवाल तर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. मसुद्यात बायकाही होत्या. पुढे आरडाओरड झाल्यावर तेवढ्या वगळल्या.

11 सप्टेंबर 1906 ला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहात सुमारे तीन हजार माणसे जमली आणि हा कायदा मानणार नाही अशी ईश्वरसाक्ष शपथ त्यांनी घेतली. व्यापारी, फेरीवाले, हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ठसे द्यायला या लोकांची मुळात ना नव्हती. आधीच दिले होते. ज्याने एकदा आपली ओळख पटवली त्याला दर खेपेस नव्याने संशयित ठरवावे, ही त्यांची चीड होती.

विलायतेला शिष्टमंडळ गेले, कायद्याला तिथे मंजुरी मिळाली नाही. पण 1907 च्या आरंभी ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले आणि नव्या विधिमंडळाने मार्चमध्ये तोच कायदा एका बैठकीत पास करून टाकला. 1 जुलैपासून परवान्याच्या कचेऱ्या उघडल्या. आणि एरवी जिथे माणसे उभी राहून थकत, तिथे माणूसच येईना! दारात स्वयंसेवक उभे, त्यांत बारा-पंधरा वर्षांची मुलेही. येणाऱ्याला हात लावायचा नाही, फक्त समजावायचे. मुदत वाढवत वाढवत नोव्हेंबर अखेर आली, तरी नोंदणी पाचशेच्या आसपासच. काहींनी लाजेखातर रात्री एका खासगी जागी चोरून नावे नोंदवली, असेही गांधीजींनी लिहून ठेवले आहे.

पहिला तुरुंगवास घडला तो रामसुंदर पंडित या पुरोहिताला. त्याचा परवाना तात्पुरता होता, मुदत वाढवून मिळाली नाही आणि तो जर्मिस्टन सोडून जाईना. सुटून आला तेव्हा हारतुरे, मिरवणूक. पुन्हा अटक होणार असे दिसताच मात्र तो ट्रान्सवाल सोडून निघून गेला. त्याच्यावर त्या वेळी फार टीका झाली. मला त्याची थोडी कीव येते. मुदत संपलेल्या कागदावर जगणाऱ्याची छाती किती धडधडत असेल ते हारतुऱ्यांच्या गर्दीत कोणाला ऐकू आले असेल?

जानेवारी 1908 मध्ये गांधीजी स्वतः तुरुंगात गेले. महिनाअखेर जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली : लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग कायदा रद्द होईल, असा गांधीजींचा समज. ज्यांनी ‘ठसे देऊ नका’ म्हटले तेच आता ‘द्या’ म्हणू लागले, तेव्हा पुष्कळांचे डोके फिरले. 10 फेब्रुवारीला गांधीजी नोंदणीला निघाले असता मीर आलम या पठाणाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना काठ्यांनी मारून बेशुद्ध पाडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हट्ट धरला की पहिला दाखला माझाच हवा. पाद्री डोक यांच्या घरी, बिछान्यावर, चमनी नावाच्या अधिकाऱ्याने कागद आणले. ज्याच्यावर गांधीजींनी इतके कडक लिहिले होते, त्या चमनींच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी आले.

कायदा काही रद्द झाला नाही. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 ला हमीदिया मशिदीच्या आवारात लोक जमले. ओट्यावर तीन पायांची मोठी लोखंडी कढई. सायकलवरून स्वयंसेवक सरकारची तार घेऊन आला, उत्तर नकाराचे. मग दोन हजारांहून अधिक दाखले कढईत पडले, त्यांवर घासलेट ओतले आणि काडी लावली. हजेरीला मीर आलमही होता. त्याने आपला दाखला जाळायला दिला आणि गांधीजींचा हात हातात घेतला.

या सगळ्यात आपल्या कोकणाचा धागा आहे, तो केपटाऊनमध्ये. रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ कोकणी मुसलमान तिथे पोटापाण्याला गेलेले. बायका-मुले बहुधा गावीच. 1906 च्या केपच्या कायद्याने असे ठरले की गावी जायचे तर आधी परवाना काढा, त्यावर फोटो आणि अंगठा. ठरलेल्या मुदतीत परत आला नाहीत तर परतीचा हक्क गेला. आता कोकणच्या माणसाला कॅलेंडर काय सांगायचे! पावसाळ्यात बंदरे बंद, बोटी बंद. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, शेताची वाटणी ही मुदत पाहून येत नाहीत. मुंबईहून आगबोट गाठायची तर निघण्याचा दिवस आधी धरावा लागे, आणि गावी आलेला माणूस मनाने बंदरावरच राहात असे.

1912 च्या ऑक्टोबरात नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, कोतळूकचे. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू जमणार होते. गांधीजींनी आग्रह धरला की आपण मराठीतच बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखल्यांना हसू आवरेना. तुमचे हिंदुस्थानी मला ठाऊक आहे, आता मराठी कधी शिकलात, असा त्यांचा रोख. पण बोलले ते मराठीतच. इतक्या दूर, परवाना खिशात घेऊन बसलेल्या माणसांनी ते मराठी ऐकले, हे चित्र मला त्यांच्या कौन्सिलातल्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटते. प्रिटोरियाला ते बोथा आणि स्मट्स यांना भेटले आणि तीन पौंडांचा कर जाणार अशी खात्री घेऊन परतले. गांधीजींना तेवढी खात्री नव्हती. पुढच्याच वर्षी स्मट्स यांनी हात वर केले.

मग 1913 च्या नोव्हेंबरात नाताळच्या खाणींतले 2037 पुरुष, 127 बायका आणि 57 मुले चालत निघाली आणि परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडून गेली. तोच त्यांचा गुन्हा. तुरुंग भरले, मळे बंद पडले.

1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर थकबाकीसकट गेला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. रहिवासाच्या दाखल्यावर अंगठा असेल आणि तो त्याच माणसाचा असल्याचे पटले, तर आत येण्याच्या हक्काला दुसरा पुरावा मागायचा नाही. मिल्नरसाहेबांनी जे तोंडी सांगितले होते ते अकरा वर्षांनी छापून मिळाले.

बाहेरून नवा माणूस येण्याचे दार त्याआधीच जवळजवळ बंद झाले होते, आणि गावी जाऊन येण्याचे परवाने पुढेही चालू राहिले. केपटाऊनच्या सरकारी दप्तरखान्यात त्या अर्जांच्या फायली अजून आहेत. आत फोटो, अंगठ्याचे ठसे आणि कोकणातली गावे.