नाव कोण ठेवतो?

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागलेले गाव. त्याच्या नावात एक आडनाव आहे. सावंगी आणि सिंदी या शेजारच्या गावांच्या नावामागेही तेच. गावाला आडनाव लागते तेव्हा रोजमजुराला कोणी विचारीत नाही. आज अशा गावांत एखाद्या बागेला नाव द्यायचे तर लोकांचे मत घ्यावे, असे आपण म्हणतो. मागणी रास्तच आहे. प्रश्न असा की, 'लोक' म्हणजे कोण?

इथून जवळच सेवाग्राम आहे. त्याचे मूळ नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावाशी घोटाळा होऊन टपाल चुकत असे, म्हणून १९४० साली गांधीजींनी ते नाव बदलले. त्यासाठी कोणाचे घर जळले नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. लोकांनी निवडून दिलेल्यांचाच तो निर्णय होता. तरी 'मराठवाड्याची अस्मिता' पुढे करून दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नव्हे, नामविस्तार झाला. टपालाच्या सोयीसाठी नाव बदलते. माणुसकीसाठी बदलायला सोळा वर्षे लागतात. विरोध नाव बदलण्याला नव्हता, ते नाव कोणाचे याला होता.

आणि आमच्या वस्त्यांची नावे? महारवाडा, मांगवाडा ही नावे आम्ही ठेवली नाहीत. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पण अर्जावर पत्ता लिहिला की पदवीआधी जात वाचली जाई. अशी जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तोवर स्वातंत्र्याला ७३ वर्षे झाली होती.

म्हणून विचारविनिमयाची रीत नीट तपासली पाहिजे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. तहकूब झालेल्या सभेला तेवढीही अट नाही. सभा भरदुपारी ठेवली तर शेतावर, बांधकामावर गेलेली बाई येणार कशी? आली तरी तिच्या मालकासमोर ती हात वर करील काय? मूठभर माणसे बसतात आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' असे लिहिले जाते.

आपल्या कार्यकर्त्यांनी केवळ महापुरुषाच्या नावाचा आग्रह धरून थांबू नये. सभा संध्याकाळी, वस्तीत भरवा. दवंडी वस्तीतही फिरू द्या. मत गुप्त घ्या. विरोधी मतांचीही नोंद ठेवायला लावा. बाग सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक पैशाने होते. तिथे आमची मुले खेळतीलच. पण फाटकावर काय लिहायचे, हे ठरविण्यातही त्यांच्या आईबापांचा वाटा असला पाहिजे. ज्याला नाव ठेवण्याचा अधिकार नाही, त्याला गावाने अजून नागरिक मानलेले नाही.